माशी आणि खाच

ताईची नोकरी उभं राहण्याची होती. न्यायालयाच्या मोठ्या दरवाज्यातून आत आलं की एका बाजूला सामान तपासायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला माणसांनी पार व्हायची चौकट, आणि दोन्हींच्या मध्ये, कमरेला पिस्तूल लावून, ताई. तिला सगळेच ताई म्हणायचे. वकील म्हणायचे, कारकून म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठे असलेले आजोबासुद्धा काठी यंत्रात ठेवताना म्हणायचे, "ताई, काठी परत मिळेल ना?"

लोक कंटाळलेले यायचे आणि जाताना आणखी कंटाळलेले असायचे. एक गृहस्थ इतकी वर्षं येत होते की चौकटीशी पोचायच्या आधीच खिसे रिकामे करून, हात पसरून उभे राहायचे. भावाशी वाटणीचा दावा होता. भाऊ मागेच वारला होता, दावा मात्र ठणठणीत होता. ताई त्यांना म्हणायची, "हात खाली करा हो, अजून तुमचा नंबर आला नाही." ते म्हणायचे, "राहू द्या, सवय झालीय."

संध्याकाळपर्यंत ताईच्या पायांना सूज यायची. घरी जाऊन बूट काढले की मोज्यांची वेलबुट्टी घोट्यांवर उमटलेली असायची. पन्नाशी ओलांडून थोडीच वर्षं झाली होती, पण तिला वाटायचं आपण या चौकटीचाच एक खांब आहोत, फक्त खांबाला घरी जाऊन स्वयंपाक करावा लागत नाही.

पिस्तूल तिनं आजवर माणसावर कधी रोखलं नव्हतं. वर्षातून एकदा चांदमारी असायची, तिथे कागदावर गोळ्या झाडून दाखवायच्या, साहेबांची सही घ्यायची, की पुढचं वर्ष मोकळं. ताईला त्याची धास्ती कधीच नव्हती. तिच्या सगळ्या गोळ्या तळहाताखाली झाकता येतील एवढ्या जागेत बसायच्या. नव्या मुली तिचा कागद बघायला यायच्या.

या वर्षी मात्र कागद सरकत जवळ आला आणि ताईला वाटलं, शेजारणीचाच आला. भोकं वरपासून खालपर्यंत पसरली होती. एक पार निशाणीच्या डोक्यावरून गेलेलं, एक पोटाखाली. साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला.

"ताई, रात्री झोप झाली नाही का?"

"झाली की."

"मग हे काय? बरं, महिन्याभरानं पुन्हा घेऊ. पण तेव्हाही हेच झालं तर मला पिस्तूल जमा करून घ्यावं लागेल. तुम्हाला दप्तरखान्यात पाठवीन. नियम आहे, मी काय करू?"

दप्तरखाना म्हणजे तळघरातल्या जुन्या फायलींची खोली. तिथे निदान बसायला खुर्ची होती. एरवी ताईनं त्यावर विनोद केला असता. आज ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

ताईचे वडील रंगारी होते, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पन्नाशीनंतर त्यांचा हात थरथरायला लागला. आधी फक्त लांब रेघ मारताना, मग भात कालवताना, मग सगळ्याच वेळी. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. त्यांनी रंगवलेल्या शेवटच्या पाटीवरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. दुकानदारानं ती तशीच लावली, काही बोलला नाही, आणि ते न बोलणंच वडिलांना जास्त लागलं. मग काही वर्षांनी थोरल्या भावाचा, दादाचा, नंबर लागला. दादा शिंपी होता. एक दिवस त्याची कात्री खुणेवरून घसरली. त्यानं ती गिऱ्हाइकाच्या कापडावर दोष ढकलून पुन्हा चालवली, आणि ती पुन्हा घसरली.

आता आपण, असं ताईच्या मनानं त्या कागदाशीच ठरवून टाकलं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. घरी मोरीपाशी उभं राहून ती काठोकाठ भरलेला पाण्याचा जग लांब हातानं धरायची आणि पाणी हलतंय का बघायची. ते हलायचंच. कुणीही धरला असता तरी हललं असतं, हे तिला एरवी कळलं असतं. नवरा शाळेच्या बसवर चालक होता. एकदा तो लवकर घरी आला आणि दारातच थांबला.

"काय गं, कुणी शिक्षा केलीय का?"

"व्यायाम करतेय."

"मग बादली घे की. सांडलं तर फरशी तरी पुसून निघेल."

ती हसली नाही. त्यानं तिच्या हातातून जग घेतला, खाली ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. ताईनं कपबशी सोडून पेल्यातून चहा प्यायला सुरुवात केली होती, कारण कप बशीवर वाजतो. नवऱ्याच्या ते लक्षात आलं होतं, पण का ते कळलं नव्हतं.

आणि तिनं दादाकडे जाणं बंद केलं.

आधी दर रविवारी जायची. दादा दोन बसथांब्यांच्या अंतरावर राहायचा. त्याच्याशी गप्पा मारायच्या, वहिनीला जरा मोकळीक द्यायची, संध्याकाळी परत. आता रविवार आला की ताईचे पाय भरून यायचे. पहिल्या रविवारी वहिनीचा फोन आला, ताई म्हणाली, पाय दुखतायत. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी नवराच एकटा जाऊन आला. आल्यावर चपला काढता काढता म्हणाला,

"दादा विचारत होते."

"काय म्हणाले?"

"काही नाही. चिमी कशी आहे, एवढंच." चिमी हे ताईचं माहेरचं नाव, आता ते घेणारा एकटा दादाच उरला होता. नवरा थोडा थांबून म्हणाला, "पाय तर तुझे रोजच दुखतात. रविवारीच का लागतात बोलायला?"

"तू मला जाब विचारतोयस का?"

"नाही गं. नुसतं विचारतोय."

ताई आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या पुन्हा मोडून पुन्हा घातल्या.

दादाच्या हाताकडे बघण्याचा तिला धीरच होत नव्हता. त्याच्या मांडीवर तो हात पडलेला असायचा, सतत काहीतरी चोळत असल्यासारखा, आणि तिला वाटायचं आपण आरशात बघतोय.

पिस्तूल रोज संध्याकाळी तळमजल्यावरच्या शस्त्रखोलीत जमा करावं लागे. तिथल्या खिडकीमागे मिस्त्री बसायचा. त्याचं काम पिस्तुलं साफ करणं, दुरुस्त करणं आणि सगळ्यांच्या नावानं कुरकुर करणं. डोळ्यांवर कामाचा चष्मा, कपाळावर आणखी एक चष्मा, आणि तरी म्हणायचा, माझा चष्मा कुठे गेला. परीक्षेला दहाएक दिवस उरले असताना त्यानं ताईचं पिस्तूल हातात घेतलं, पण नेहमीसारखं फळीवर टाकलं नाही.

"तुमचा कागद बघितला मी."

"सगळ्यांनीच बघितलाय," ताई म्हणाली.

"मी तुम्हाला बघायला नाही, पिस्तुलाला बघायला बघितला. उद्या जेवणाच्या सुट्टीत खाली या. मागच्या खोलीत झाडून बघू. तुमच्या हत्यारात खोट असेल तर माझी नोकरी जाईल, तुमची नाही."

शस्त्रखोलीच्या मागे, पिस्तुलं तपासायला बांधलेली एक लांबट, बिनखिडकीची खोली होती. दुसऱ्या दिवशी ताई डबा न उघडताच तिथे गेली. दोघांनी कानांवर झापडं चढवली. आधी मिस्त्रीनं स्वतः तिच्या पिस्तुलातून पाच गोळ्या झाडल्या. पाचही एकमेकींना खेटून बसल्या.

"पिस्तूल निर्दोष," तो म्हणाला.

ताईनं कागदावरची पाच भोकं पुन्हा मोजली. पिस्तुलात खोट निघावी म्हणून ती रात्रभर मनातल्या मनात हात जोडत होती.

"आता तुम्ही. पण असं नाही." त्यानं टेबलावर वाळूची पिशवी ठेवली. "मूठ या पिशवीवर टेकवा. बसून मारा. घाई नाही."

ताईनं मूठ वाळूत रुतवली. हात हलायला जागाच नव्हती. तिनं नेम धरला, श्वास अर्धा सोडला, चाप दाबला. कागद जवळ आला. भोकं तशीच, वरपासून खालपर्यंत, एका उभ्या रांगेत.

मिस्त्रीनं त्या रांगेवरून बोट फिरवलं. "आडवी पसरली नाहीत. नुसती उभी. हात थरथरला असता तर चहूकडे गेली असती. आणि वाळूवर टेकलेला हात थरथरेल कसा?"

"मग?"

"मग ऐका." त्यानं रिकामं केलेलं पिस्तूल तिच्यासमोर आडवं धरलं. "ही पुढची उभी दांडी, माशी. ही मागची खाच. माशी खाचेच्या मधोमध यायला हवी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, आणि तिचा माथा खाचेच्या कडांशी सपाट. एवढं तुम्हाला झोपेतही येतं. पण माशी केसभर वर राहिली की तिकडे गोळी वितभर वर जाते. केसभर खाली, तर खाली. आता सांगा, नेम धरल्यावर तुम्हाला माशीचा माथा दिसतो का?"

"दिसते की माशी."

"माशी नाही विचारली. माथा. कड. धारदार दिसते का?"

ताईनं हात लांब केला आणि बघितलं. माशी होती. पण तिला कड अशी नव्हतीच. काळ्या शाईचा थेंब ओल्या कागदावर पडावा तशी ती पसरली होती. कधीपासून तशी होती, कोण जाणे. पलीकडचा कागद मात्र स्वच्छ दिसत होता, त्याच्यावरची रेघन् रेघ. तो दिसतोय म्हणून डोळे चांगले, एवढंच ती समजून चालली होती.

मिस्त्रीनं डोळ्यांवरचा कामाचा चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. चष्म्याला तेलाचा वास येत होता. "हा माझा हातभर अंतराचा. आता बघा."

"अगंबाई, कागद गेला! नुसतं धुकं झालं."

"जाऊ द्या कागदाला. तो कुठे पळून जात नाही. माशी बघा."

माशीचा माथा सुरीसारखा सरळ दिसत होता. त्यावरचा एक बारीक ओरखडासुद्धा दिसत होता. ताईनं उभं राहून, वाळूची पिशवी बाजूला सारून, त्या धुक्यात पाच गोळ्या झाडल्या. कागद आला. तळहात ठेवला तर सगळ्या झाकल्या जातील, अशा.

तिनं पिस्तूल नीट खाली ठेवलं, झापडं काढली आणि टेबलाच्या कडेला टेकली. मग एकदम रडायला लागली. मिस्त्री गडबडला. त्याला वाटलं आपण तिच्या वयावरून बोललो.

"अहो ताई, चाळिशी सगळ्यांनाच लागते. मला तर दोन-दोन—"

"मला वाटलं हात गेला." आणि मग तिनं त्याला सगळं सांगितलं. वडिलांच्या पाट्या, दादाची कात्री, पाण्याचा जग. घरच्यांना न सांगितलेलं सगळं त्या कुरकुऱ्या माणसाला, तेलकट टेबलाशी, चष्मा नाकावर तसाच ठेवून.

तो बराच वेळ चिंधीनं काहीतरी पुसत राहिला. मग म्हणाला, "आजचं दुखणं डोळ्यांचं आहे. एवढं मी सांगू शकतो. उद्याचं काही मला विचारू नका, मी पिस्तुलांचा मिस्त्री."

"उद्याचं नाही विचारत," ताई म्हणाली. "आजचं पुरे झालं."

चष्म्यावर भागणार नव्हतं. दरवाज्यावर उभं असताना चष्मा बदलत बसायला वेळ कोण देणार? मिस्त्रीनं कपाटातून एक छोटा डबा काढला. त्यात नवी माशी होती. जुनीपेक्षा बारीक, आणि तिच्यात हिरव्या काचेसारखा एक धागा बसवलेला. खोलीतला उजेड पिऊन त्याचं टोक चमकत होतं. सोबत नवी खाच, काळी कुळकुळीत आणि जुनीपेक्षा रुंद.

"खाच रुंद असली की माशीच्या बाजूंना उजेड जास्त मिळतो, थकलेल्या डोळ्याला बरं पडतं. जुनी तरुणांसाठी बनवलेली. या मंजूर आहेत, वर्षभर कपाटात पडून आहेत. कुणी मागायला येत नाही. मागितल्या की वय झालं असं होतं ना."

"ते लाल ठिपक्याचं काय असतं? नव्या मुली बोलत असतात."

"ती वर बसवायची काच. तिच्यात ठिपका दिसतो, तो ठेवला की झालं, खाच नाही न् माशी नाही. पण त्याला पिस्तुलाचा माथा कापावा लागतो, आणि तुमच्या कमरेच्या म्यानात ते मावणार नाही. साहेब परवानगी देईपर्यंत आपण दोघं निवृत्त होऊ."

साहेबांनी माशीची परवानगी मात्र लगेच दिली. मिस्त्रीनं पिस्तूल टेबलाला लावलेल्या पकडीत आवळलं, पितळेची कांडी लावून हलक्या हातोडीनं जुनी खाच तिच्या चरातून सरकवत बाहेर काढली. पितळ अशासाठी, की पोलादाला ओरखडा पडू नये. नवी खाच सरकवली, पुढची माशी तिच्या इवल्याशा स्क्रूनं बसवली. पहिल्या गोळ्या एकमेकींजवळ बसल्या, पण सगळ्या डावीकडे. त्यानं खाच कणभर उजवीकडे ठोकली. "खाच जिकडे सरकवाल तिकडे गोळी सरकते. माणसांचंही असं असतं तर बरं झालं असतं." पुन्हा झाडून बघितलं, पुन्हा एक टिचकी. मग मधोमध.

माशीची कड काही चष्म्यातून दिसली तशी धारदार दिसत नव्हती. पण हिरवा ठिपका होता, आणि तो खाचेच्या तळाशी बुडाला की डोक्यावर चढला, ते लगेच कळत होतं. ताई रोज जेवणाच्या सुट्टीत खाली जायची. डबा संध्याकाळी बसमध्ये उघडायची, आणि बऱ्याचदा घास हातातच राहून झोप लागायची.

ज्या दिवशी ती रडली त्याच दिवशी घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता. सुरी खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"एवढं सगळं एकटीनं घेऊन बसलीस? इतके दिवस?"

"तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

तो हसणार होता, पण हसला नाही. उठून तिच्या मागे आला आणि तिचे खांदे दाबत उभा राहिला. त्याचेही हात दिवसभर स्टिअरिंग फिरवून आखडलेले होते, त्यामुळे दाबणं काही धड होत नव्हतं.

"मग या रविवारी दादांकडे?" त्यानं विचारलं.

"परीक्षा होऊ दे आधी," ताई म्हणाली. खरं म्हणजे आता तिला वेगळीच लाज वाटत होती. आपल्याला ते नाही म्हणून जायचं, हे कसलं जाणं?

परीक्षेत काही विशेष घडलं नाही. हवा कोंदट होती, रांग लांब होती. ताईनं हिरवा ठिपका बघितला, कागदाचं धुकं होऊ दिलं आणि चाप दाबला. कागद काही पूर्वीसारखा सुंदर नव्हता, एक गोळी बाजूला भटकली होती, पण पास होण्याइतका होता. साहेबांनी वर न बघता सही केली. "झाली वाटतं झोप," एवढंच म्हणाले. मिस्त्रीला सांगायला गेली तर तो कुणाच्या तरी गंजक्या पिस्तुलावर तोंड टाकत होता. त्यानं नुसती मान हलवली.

रविवारी नवरा म्हणाला, "मी येत नाही. तू जा."

दार वहिनीनं उघडलं. ती दमलेली दिसत होती, ताईहूनही दमलेली. "आज कशी वाट चुकलात?" असं म्हणाली, पण दारातून बाजूला झाली आणि ताईच्या हातातली पिशवी घेतली. "बसा त्यांच्यापाशी. मी जरा पडते. पाठ गेलीय माझी."

दादा खिडकीजवळ खुर्चीत होता. महिन्याभरात खांदे आणखी वाकले होते. उजवा हात मांडीवर, तसाच.

"आलीस चिमे?" त्याचा आवाज हल्ली बारीक झाला होता, ऐकायला पुढे वाकावं लागे. "पाय कसे आहेत?"

"पाय बरे आहेत." ताई त्याच्यासमोर स्टुलावर बसली. तिनं परीक्षेचं सांगितलं, माशीचं, चष्म्याचं सांगितलं. वाळूच्या पिशवीपर्यंत आली आणि अडखळली. पिशवी का ठेवली ते सांगायचं तर हाताचं सांगावं लागणार होतं.

दादानंच पुढचं उचललं. "तुला वाटलं असेल, आता तुझी पाळी."

ताईनं मान डोलावली.

"मला दुसऱ्याच रविवारी कळलं. मी पण असाच पळायचो. बाबांचा हात हलायला लागला तेव्हा मी दुकान उघडं ठेवून बसायचो, गिऱ्हाईक नसलं तरी. घरी जेवायला बसलं की समोर ते. आईला सांगायचो, काम आहे. काम कसलं, बसून चिंध्या कापत होतो."

"दादा, मी—"

"असू दे गं. तू एक महिना पळालीस. मी दोन वर्षं पळालो. बाबा कधी एका शब्दानं बोलले नाहीत." तो थांबला, दम खात होता. मग म्हणाला, "पण ते बोलले असते तर बरं झालं असतं, म्हणून मी बोललो. आता पुरे. एक काम कर. माझी नखं वाढलीत. तुझी वहिनी कापते तेव्हा घाबरते, आणि ती घाबरली की मी घाबरतो, मग हात जास्तच नाचतो."

ताईनं फडताळातून नखं कापायचं यंत्र आणलं, मांडीवर जुना टॉवेल पसरला, आणि दादाचा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला. पहिल्यांदा तो हात तिच्या मुठीत पाखरासारखा फडफडला. तिनं आवळला नाही, सोडलाही नाही. शिवणकामानं टोचून टोचून घट्टे पडलेलं बोट तिनं आपल्या अंगठ्याखाली टेकवून धरलं आणि वाट बघितली. थोड्या वेळानं हात थांबला नाही, पण मंदावला. दोन थरथरींच्या मधे एक छोटीशी जागा सापडली, तिथे तिनं नख कापलं.

"दुखलं?"

"नाही. तुला दिसतंय का नीट? नाहीतर बोटच कापशील."

"दिसतंय."

आतल्या खोलीतून वहिनीच्या घोरण्याचा आवाज यायला लागला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आवाज न करता हसले. दादा हसला की हात पुन्हा सुटायचा, मग ताईला पुन्हा थांबावं लागायचं. तिला घाई नव्हती. पाच नखं झाली, टॉवेलवरचे तुकडे तिनं गोळा केले आणि स्टूल सरकवून दुसऱ्या बाजूला गेली.

"आता डावा," ती म्हणाली, आणि दादानं दुसरा हात पुढे केला.